एकोणिसाव्या दगडाखाली

गावाने सीमा मागितली नव्हती. सीमा आपल्या पायांनी चालत आली, तंबू, साखळ्या आणि कागदांची भेंडोळी घेऊन. गाव त्याच्या कितीतरी आधीपासून तिथेच बसलेलं होतं. हे त्या गावात कुणीही पहिल्याच दमात सांगे, कारण खालून येणारा प्रत्येक शहाणा पहिल्याच दमात विचारी, "एवढ्या टोकाला कशाला येऊन राहिलात हो?" टोक कसलं डोंबलाचं! गावाच्या मते ते बरोबर मधोमध होतं. खाली नदी, नदीकाठी खालची आळी, शाळा आणि मोटारीचा रस्ता संपतो ती जागा. तिथून चढून गेलं की घसरण, म्हणजे सुट्या दगडगोट्यांचा उतार, जो दरसाल बर्फ वितळायला लागलं की थोडा थोडा नदीकडे सरकतो. घसरणीच्या वर कातळाची रुंद पायरी आणि त्या पायरीवर वरच्या आळीची सात घरं. घरांच्या मागे झरा, झऱ्याच्या वर कुरण, आणि कुरणाच्या टोकाला, उघड्या कातळावर, एकोणीस नंबरचा दगड. दगडाच्या पलीकडे दुसरा देश. तिथलं गाव खिंडीपलीकडे अर्ध्या तासाच्या चालीवर होतं, आणि तिथली माणसंही आपण मधोमध राहतो असंच म्हणत.

वरच्या आळीतल्या शेवटच्या घरात ओळंबा राहायची. हे काही तिचं खरं नाव नव्हे. भिंत सरळ उभी आहे की नाही ते बघायला गवंडी दोरीला बांधून जे वजन सोडतो, ते ओळंबा. तिचा आजा गवंडी, बाप गवंडी आणि ती स्वतःही गवंडी. भिंत वाकडी दिसली की ती मालकाच्या तोंडावर सांगायची, आणि माणूस वाकडा दिसला तरी तेच. अठ्ठावन्न वर्षांत तिला ही खोड मोडता आली नव्हती आणि आता मोडायचा बेतही नव्हता. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती, लेक शहरात नांदत होती, घरात ती आणि तिची म्हातारी आत्या. आत्याचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती.

वरच्या आळीतली सातही स्वयंपाकघरं अंधारी होती. सीमेपासून तीनशे पावलांच्या आतल्या घरांना सीमेकडे तोंड करून खिडकी ठेवायची नाही, असा आजाच्या काळापासूनचा नियम. दोन्ही सरकारांचं कशावर एकमत होत नसे, यावर मात्र झालं होतं. डोंगरावरून सकाळचं ऊन यायचं ते त्याच बाजूने, त्यामुळे वरच्या आळीतल्या बायका भर सकाळी दिवा लावून चूल पेटवत आणि दोन्ही सरकारांना एकाच दमात शिव्या देत.

दर वर्षी, बर्फ गेल्यावर, ओळंबा चुन्याची बादली घेऊन एकोणिसाव्या दगडाकडे चढायची. दगडाला दोन तोंडं. अलीकडचं तोंड अलीकडच्या सरकारच्या माणसाने पांढरं करायचं, पलीकडचं पलीकडच्याने, तेही एकाच दिवशी. तिकडूनही एक गवंडी यायचा, तिच्याच वयाचा, जाड मिशांचा आणि पातळ चुन्याचा. दोघांना एकमेकांशी बोलायला बंदी होती. मग त्यांनी अशी वाट काढली होती की बोलायचं ते दगडाशी.

"दगडा," ती म्हणायची, "तुझी ती बाजू धुतल्यासारखी दिसते. कुणी चुन्यात नदी ओतली का रे?"

"दगडा," पलीकडून उत्तर यायचं, "काही लोकांचा चुना इतका घट्ट असतो की तू हिवाळाभर कांबळं पांघरून बसल्यासारखा वाटतोस."

असं तीस वर्षं चाललं होतं. एका वर्षी तिकडचा आजारी पडला आणि आलाच नाही. ओळंबाने थोडा वेळ वाट पाहिली, मग सरळ दगडाला वळसा घालून पलीकडचं तोंडही रंगवून टाकलं, आपल्या घट्ट चुन्याने. त्याबद्दल तिला सरकारची ताकीद आली. ती तिने चुलीत घातली. कागद चांगला कोरडा होता.

त्या वसंतात मात्र चुन्याच्या आधी मोजणी साहेब आले. तरुण होते, बोलायला मऊ होते आणि पायांत नवे बूट होते, म्हणजे पहिल्याच चढणीवर त्यांच्या टाचा सोलल्या. सोमवारी शाळेच्या वर्गात त्यांनी गाव गोळा केलं आणि भिंतीवर नकाशा लावला. ओळंबाचा धाकटा भाऊ गावाचा मुखिया होता, खालच्या आळीत राहायचा, तो साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसला.

"आम्ही आकाशातून मोजणी केली," साहेब म्हणाले. "करारात अठरा नंबरच्या दगडापासून वीस नंबरपर्यंत सरळ रेषा आहे. एकोणिसावा दगड त्या रेषेपासून दोनशे दहा पावलं वर निघाला. रेषा सरळ केली की वरची आळी आणि झरा पलीकडे जातात. त्या बदल्यात ते लोक दुसरीकडचं एक वळण सोडतील. सात कुटुंबांना रस्त्याजवळ नवी घरं मिळतील."

"नळ असलेली," भाऊ म्हणाला.

"आणि दगड?" ओळंबाने मागच्या बाकावरून विचारलं.

"दगड हलवायचाय. गावच्या गवंड्याकडूनच हलवून घ्यावा, असं दोन्हीकडून ठरलंय. म्हणजे तुम्ही."

वर्गात कुणीतरी हसलं.

"साहेब, करारात दगडाबद्दल काहीच लिहिलेलं नाही?"

साहेब प्रामाणिक होते, एवढं मान्य करायला हवं. त्यांनी कागद उलटला. "लिहिलंय. दगड पहिल्यांदा जिथे रोवला तिथेच उभा असेल, तर नकाशापेक्षा दगड खरा. पण नंतर कुणी हलवलेला असेल, तर नकाशा खरा."

"मग कुणी हलवला?"

"दुसरं काय कारण असणार? झरा इकडे यावा म्हणून त्या काळी कुणीतरी..."

"त्या काळी गावात गवंडी एकच होता. माझा आजा. म्हणजे माझ्या आजाने सीमा चोरली, असं का?"

"चोरली हा शब्द मी वापरला नाही."

"शब्द नाही वापरलात. अर्थ तेवढा वापरलात."

भाऊ खुर्चीवरून अर्धा उठला. "ताई, साहेबांशी असं बोलतात का?"

"आजा तुझाही होता रे," ती म्हणाली. "खुर्चीवर बसलास म्हणून बदलला नाही तो."

मग तिने उभं राहून सगळ्यांना ते सांगितलं, जे तिच्या बापाने तिला कधीतरी भिंत बांधता बांधता सांगितलं होतं. सीमेची तुकडी आली तेव्हा एकोणिसाव्या दगडासाठी नकाशावर जो ठिपका होता, तो पडत होता थेट घसरणीत. तिथे दगड रोवला असता तर दोन हिवाळ्यांत तो नदीत जाऊन बसला असता, आणि त्याच्या मागोमाग शाळेसकट खालची आळीही परदेशात गेली असती. आजा आणि तिकडचा त्या वेळचा गवंडी, दोघांनी मिळून सांगितलं, साहेब, दगडाला कातळ लागतो. त्या वेळच्या मोठ्या साहेबांचा पाय मुरगळला होता. त्यांनी खालूनच दुर्बीण लावली आणि म्हणाले, चालेल. दगड वरच्या कातळावर बसला. नकाशा मात्र शहरातल्या कपाटात होता, त्याला हे कुणी कळवलंच नाही.

"छान गोष्ट आहे," साहेब म्हणाले, आणि ते खरंच तसं म्हणाले, टोमणा म्हणून नव्हे. "पण सांगोवांगीला पुरावा म्हणत नाहीत, मावशी."

"पुरावा दगडाखाली आहे. आणि बाकीचा दोन घरांत." तिला आता थांबायचं नव्हतं. "आमच्यात सीमेचा दगड नुसता रोवत नाहीत. पाटीच्या काळ्या दगडाची फरशी घेतात, तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेघ कोरतात आणि हातोडीच्या एका घावात तिचे तीन तुकडे करतात. त्यातला एक दगडाखाली, कातळात खोबण करून चुन्यात पक्का बसवतात. एक इकडच्या गवंड्याच्या घरी, एक तिकडच्या. इकडच्यांनी चोरून दगड हलवला असता, तर तिकडच्यांच्या घरात त्याचा तुकडा कशाला राहिला असता?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "शुक्रवारी पलीकडचे अधिकारी वर येणार आहेत सहीसाठी. त्यांच्यासमोर दगड उचलू. तुकडे असतील तर आणा. पण रेघ कुणीही ओढू शकतं. तुटलेली कड कडेला जुळली पाहिजे."

"जुळेल," ओळंबा म्हणाली आणि ताठ मानेने बाहेर पडली.

आपला तुकडा कुठे आहे हे तिला ठाऊक नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

घरी येऊन तिने सगळं पालथं घातलं. पेटी, माळा, बापाच्या हत्यारांची पिशवी. आत्या खाटेवरून हे सगळं बघत होती. शेवटी म्हणाली, "काय शोधतेस ते सांगशील, की मी मेल्यावर सांगणार आहेस?"

"आजाचा तुकडा. सीमेचा."

"काळा? रेघ असलेला?"

"तोच!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा. तुझ्या पिठाच्या रांजणावर आहे की झाकण म्हणून. चाळीस वर्षं झाली."

ओळंबाने रांजणावरचं झाकण उचललं, उलटं केलं. पोटाकडच्या बाजूला एक खोल रेघ होती. ती रेघ तिने हजार वेळा बोटाखालून घातली होती. आणि झाकण कसं होतं? चौकोनी. चारही कडा गुण्यात, म्हणजे काटकोनात, करवतीने कापावं तशा सरळ, कोपरे नजर लागावी असे. तुटलेली कड कुठेच नव्हती.

एकोणिसाव्या वर्षी बापाने तिच्या हातात पहिल्यांदा छिन्नी दिली होती आणि स्वतः खालच्या मुलखात महिनाभर कामाला गेला होता. घरात कोनाड्यात एक वेडावाकडा तुटलेला काळा दगड पडलेला होता. गवंड्याच्या पोरीला वेडीवाकडी कड बघवते का? तिने तो घडवला. तीन दिवस बसून, जीभ दातात धरून, एकेक कड सरळ केली. आयुष्यातलं पहिलं नीट काम. ज्या तुटक्या कडेवर सात घरं उभी होती, ती तिने स्वतःच्या हाताने साफ करून टाकली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

दोन दिवस ती आपण होऊन कुणाकडे गेली नाही. शेजारणी येऊन विचारत, "सापडला ना तुकडा?" आणि ती म्हणे, "आहे घरात," जे खोटं नव्हतं. आळीतल्या म्हातारीपासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळी तिच्या शब्दावर निर्धास्त झाली होती, आणि याचीच तिला सगळ्यात लाज वाटत होती.

गुरुवारी सकाळी भाऊ आला. हातात कागद होता. सातही घरांच्या नावांपुढे सहीची जागा कोरी होती, शेवटचं नाव तिचं.

"ताई, उद्या तमाशा नको. तू सही केलीस की बाकीचे करतील. मी काही तुझा वैरी नाही. हिवाळ्यात आत्याला पाठीवर घेऊन उतरावं लागतं, ते काय मला दिसत नाही? खाली घर असलं तर डॉक्टर दारात येईल."

हे खरं होतं, म्हणून ते जास्त झोंबलं. तिने त्याच्यापुढे झाकण ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. त्याने झाकण उचलून उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबांनी तुला काहीच म्हटलं नाही, परत आल्यावर?"

"रागावले नाहीत. झाकण हातात घेतलं, सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ. मग म्हणाले, कडा सुंदर आल्यात. आणि मग..."

तिची नजर चुलीमागच्या भिंतीकडे गेली.

"मग काय?"

"मग विचारलं, चिपा कुठे टाकल्यास? मी म्हटलं, चूल मागे सरकवताना भिंतीत भरल्या. म्हणाले, मग ठीक आहे."

दगड घडवताना ज्या ढलप्या उडतात त्या चिपा. गवंडी त्या कधी फेकत नाही. भिंतीतल्या सांध्यांत, मोठ्या दगडांखाली ठोकून बसवतो. चिपा फेकणारा गवंडी नव्हेच, असं बाप म्हणायचा. इतकी वर्षं तिला वाटत होतं की बापाने ते काटकसर म्हणून विचारलं. बापाला सगळं कळलं होतं. पोरीचं पहिलं काम होतं म्हणून तो तिला बोलला नाही, आणि साक्ष भिंतीत सुखरूप आहे एवढं विचारून गप्प बसला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि ते पुसायच्या आतच ती उठून पहार घेऊन आली.

"अगं, काय करतेस?"

"चुलीमागची भिंत. बाजूला हो."

"सीमेकडची? ताई, सरकार पाडायच्या आधी तूच पाडतेस?"

"सरकारने पाडली तर मोडतोड. मी पाडली तर शोध."

खाटेवरून आत्या ओरडली, "आधी पीठ झाक गं! झाकण तुझ्या हातात आहे!"

भावाने रांजणावर ताट ठेवलं. मग थोडा वेळ तो उंबऱ्याशी उभा राहिला. मुखिया म्हणून काय करावं हे त्याला सुचेना, तेव्हा त्याने गवंड्याचा मुलगा म्हणून बाह्या सरसावल्या आणि सुटलेले दगड बाहेर नेऊन लावायला लागला. भिंत पिवळट दगडाची होती. त्यात काळं काही दिसलं की ओळंबा हातानेच उकरायची. दुपारपर्यंत भिंतीला माणूस वाकून जाईल एवढं भगदाड पडलं होतं आणि जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावर नऊ काळ्या चिपा जमल्या होत्या. भगदाडातून ऊन आत आलं होतं. चुलीमागचा तो कोपरा इतका कळकट आहे हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तिने झाकणाच्या एका कडेला चिपा लावून पाहिल्या. काही चुरा होऊन गेल्या होत्या, काही दुसऱ्याच बाजूच्या निघाल्या. पण पाच चिपा एकमेकींना भिडल्या, झाकणाला भिडल्या, आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला एक वेडीवाकडी, ओबडधोबड कड तयार झाली. आयुष्यभर सरळ कडांवर प्रेम केलेल्या त्या बाईला ती कड फार सुंदर दिसली.

भावाने आपला कागद घडी करून खिशात घातला.

शुक्रवारी वर कातळावर वारा होता. अलीकडचे मोजणी साहेब लंगडत आले होते. पलीकडचे अधिकारी वयस्कर होते, चेहऱ्यावर कंटाळा होता आणि हातात सहीसाठी उघडलेलं पेन होतं. त्यांच्या मागे मिशांचा गवंडी चुन्याची बादली घेऊन उभा होता.

"बादली कशाला आणलीस?" त्याच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"दगड हलला की नवा चुना द्यावा लागतो साहेब," तो म्हणाला आणि ओळंबाकडे बघितलंसुद्धा नाही. त्याचा तुकडा त्याच्याकडे आहे की नाही, तिला माहीत नव्हतं. तीस वर्षांत दगडाशी सगळं बोलून झालं होतं, हे मात्र कधी निघालं नव्हतं. आणि झरा पलीकडे गेला तर त्याच्याच गावाच्या गुरांना पाणी जवळ येणार होतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे डोंगराच्या त्या बाजूलाही असणारच की.

दोन पहारी, दोन गवंडी आणि वरच्या आळीतले चार गडी. कमरेएवढा दगड करकरला, एका अंगावर कलला आणि हळूच आडवा झाला. खाली माती, मातीखाली कातळ, कातळात हातभर खोबण, आणि खोबणीत चुन्यात घट्ट बसलेला काळा तुकडा. त्यावर कराराचं वर्ष, दोन गवंड्यांच्या खुणा आणि कडेपर्यंत गेलेली एक रेघ. चुना इतका जुना झाला होता की छिन्नीलाही दाद देईना. मोजणी साहेब टाचा विसरून गुडघ्यांवर बसले.

"आता तुमचा," ते म्हणाले.

ओळंबाने फडकं सोडलं आणि झाकण बाहेर काढलं. पलीकडचे अधिकारी हसले. "हे तर काल घडवल्यासारखं दिसतंय."

"चाळीस वर्षांपूर्वी घडवलं. मीच. चूक माझी आहे, ती मी कबूल करते," ती म्हणाली. "आणि त्या चुकीच्या ढलप्या या." एकेक चीप तिने जागेवर लावली. मग भावाने एका बाजूने, तिने दुसऱ्या बाजूने धरून, सगळं मिळून खोबणीतल्या तुकड्याला भिडवलं. कड कडेत गेली. रेघ रेघेला मिळाली. वरच्या आळीतल्या कुणाचा तरी हुंदका ऐकू आला.

पण तिसऱ्या तुकड्याची जागा मोकळी होती, हाताच्या पंजाएवढी, आणि तिथे रेघ मध्येच तुटत होती.

"अर्धवट आहे," पलीकडचे अधिकारी म्हणाले. "आमच्या बाजूला असलं काही नाही. हो की नाही रे?"

गवंड्याने बादली खाली ठेवली. मिशीवरून हात फिरवला. मग अधिकाऱ्याकडे पाठ करून आडव्या पडलेल्या दगडासमोर तो उकिडवा बसला.

"दगडा," तो म्हणाला, "मी आजारी होतो तेव्हा तुझ्या या अंगाला इतका जाड चुना कुणी फासला रे? दोन वर्षं पोपडे निघाले नाहीत. लोकांनी मला विचारलं, बाबा, मेहनत करायला लागलास की काय."

"दगडा," ओळंबा म्हणाली, "त्याला म्हणावं, काम असंच करतात."

"हे काय चाललंय?" पलीकडचे अधिकारी ओरडले.

गवंड्याने बाही वर केली, बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि पांढऱ्या पाण्यातून एक पांढरा तुकडा वर काढला. झऱ्याच्या पाण्याची घागर शेजारीच होती. त्याने तो धुतला. पांढऱ्यातून काळा निघाला, काळ्यातून रेघ. "घरातून उघडा आणला असता तर चौकीवर काढून घेतला असता," तो आता सगळ्यांना ऐकू जाईल असं, थेट बोलला. "माझ्या आजाने जपला, बापाने जपला. साहेब, झरा मिळाला तर मला नको आहे का? पण खोट्याने नको. उद्या आमचा दगड कुणी असाच उचलायला आला, तर आमच्यासाठी कोण बोलणार?"

त्याने तुकडा मोकळ्या जागेत ठेवला. तो बसला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग झाली. काळ्या दगडावरची रेघ म्हणतात ती हीच, कुणाला बघायची असेल तर बघून घ्यावी, असं ओळंबाने मोठ्याने म्हणून टाकलं.

मोजणी साहेबांनी फोटो काढले, मोजमाप घेतलं आणि तिथेच कातळावर बसून लिहिलं: दगड मूळ जागी आहे. खाली सही केली. पलीकडच्या अधिकाऱ्यांना सहीला फार वेळ लागला, पण समोर गाव उभं होतं, मागे आपलाच गवंडी उभा होता, आणि तिन्ही तुकडे कुठे जायला तयार नव्हते. केली.

"तुकडे मला लागतील," मोजणी साहेब म्हणाले. "कार्यालयात ठेवायला."

"साक्षीदाराला बोलावून विचारतात साहेब, घरी ठेवून घेत नाहीत," ओळंबा म्हणाली. "आणि तुमच्या कपाटाचा अनुभव आमच्या आजाला आहे."

दगड पुन्हा उभा राहिला. तिने ओळंबा सोडून तो सरळ केला, दोघांनी आपापलं तोंड रंगवलं. "दोन्ही सरकारांना चुना लावणारे आपण दोघंच," तो निघताना पुटपुटला, आणि ती इतक्या जोरात हसली की खिंडीतून आवाज परत आला.

उतरताना साहेब तिच्या घरामागून गेले आणि थबकले. भिंतीतल्या भगदाडातून त्यांना आत खाटेवर बसलेली आत्या दिसली. आत्यालाही साहेब दिसले.

"हे कोण आलंय माझ्या उन्हात?" ती म्हणाली.

"मावशी, ही भिंत लगेच बुजवा," साहेब ओळंबाला म्हणाले. "सीमेकडे उघडं ठेवायला परवानगी नाही. मला वर कळवावं लागेल."

"कळवा. लिहा, सातव्या घराच्या बाईने सीमेकडे तोंड करून खिडकी केली. माझी भिंत, माझं घर, तुमच्याच सहीने माझ्या जागी. साठ-सत्तर वर्षं आम्ही चुलीत तोंड घालून बसलो, तुमच्या रेषेला आमचं तोंड दिसू नये म्हणून. काय चोरून नेणार होतो आम्ही खिडकीतून? ऊन?"

साहेब लंगडत खाली गेले. कळवलं असेल, नसेलही.

ओळंबाने भगदाडाच्या कडा हाताने चाचपल्या. इकडचे दगड काढायचे, तिकडचे बसवायचे, वर एक लांब दगड आडवा टाकायचा, दोन दिवसांचं काम. खालून कुणीतरी चढून येत होतं. भाऊ होता. खांद्यावर त्याच्या स्वतःच्या घराच्या मागच्या खोलीतली खिडकीची लाकडी चौकट होती, काढून आणलेली, आणि हातात मोजपट्टी. घामाने निथळत तो भिंतीशी येऊन उभा राहिला. शेजारच्या घरातूनही ठक ठक ऐकू यायला लागलं होतं. तिथली बाई आपल्या भिंतीला पहार लावत होती.

"ताई, रुंदी किती ठेवायची?" त्याने विचारलं.

"तुला आणि मला शेजारी शेजारी उभं राहून बाहेर बघता येईल एवढी," ती म्हणाली. "धर ते टोक."